शंख अक्षयाकडेच द्या

अहो,

गौरीसाठी फुलं आणायला बाजारात जातेय. चहा थर्मासमध्ये आहे. अक्षया उठली की तिला श्वासाचा पंप घ्यायला लावा आणि नंतर चूळ भरायला सांगा.

आज आरतीला शंख तीच वाजवणार. गेल्या वर्षी तुम्ही तो तिच्या हातातून काढून घेतलात. दोन महिन्यांची असताना न्यूमोनियाने नऊ दिवस ऑक्सिजनवर होती, ते मीही विसरले नाही. पण आता दहा वर्षांची आहे ती. डॉक्टरांनी परवा नळीत फुंकायला लावून फुप्फुसं तपासली आणि म्हणाले, खुशाल वाजवू दे.

काल दुपारी तिने नुसता सराव केला, तर आरती सुरू झाली समजून खालच्या वाडीतली माणसं झांजा घेऊन धावत वर आली!

तेजल