बाजूच्या गावाला विचारून यायचं होतं

प्रिय प्रणित,

तुझा निरोप आला तेव्हा मी टेकडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. "सगळे खरंच तयार झाले का बे? तू हो म्हन, मी बी सोमवारी त्याईले हो लिहून टाकतो." वाचला, मोबाइल खिशात घातला आणि खाली उतरलो. वाचल्याची निळी खूण तुला दिसली असेल. नंतर तू दोनदा फोन केलास, तोही मी उचलला नाही. रेंज नव्हती, हे कारण घोट गावाच्या पुढे राहणाऱ्या प्रत्येक माणसाला आयतं मिळालेलं असतं. तुला मी ते देणार नाही. रेंज चांगली होती. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे आणि तो शब्द लिहायला मला हा अख्खा कागद लागतोय. आमच्या गावचा विनोद उद्या तुमच्याकडे चामोर्शीच्या बाजाराला येतोय, त्याच्या हाती पाठवतो. सोमवारी तू एजन्सीला काही लिहिण्याआधी हे तुझ्या हातात पडावं, एवढीच इच्छा आहे.

इकडे विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानाचा हंगाम आलाय. आईचे गुडघे दुखतात, पण पानाचा वास आला की ती कोणाचं ऐकत नाही. अजून तिला माझं काम नेमकं काय ते कळलेलं नाही. परदेशातली कंपनी यंत्राला आपली बोली शिकवते, मी गोंडीतलं बोलणं ऐकून लिहून काढतो, तू त्याचं मराठी करतोस आणि मधली एजन्सी आपल्याला कामाला लावते, हे मी तिला दहादा सांगितलं. तिकडे आपल्याला स्वतंत्र कंत्राटदार म्हणतात, हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. तिने आजवर पाहिलेले कंत्राटदार जीपमधून येतात आणि सावलीत बसतात. "कंत्राटदार हायेस त मंग उन्हात टेकडीवर काऊन चढतेस?" म्हणाली.

तुझ्या घरी राहून हे काम शिकलो ते दिवस आठवतात. तुझ्या वडिलांचं, रामाजींचं धानाचं रोवणं चालू होतं आणि आपण दोघं धान्याच्या ढोलीजवळ खाट टाकून कानाला हेडफोन लावून बसलेलो. त्यांना वाटायचं आपण गाणी ऐकतो. तुझ्या आईने, गुणाबाईंनी मात्र एका शब्दाने विचारलं नाही. पातोडीची भाजी वाढताना पहिली वाटी माझी असायची आणि तू खोटं खोटं रुसायचास. एजन्सीला माझं नाव तूच कळवलंस. पहिली चाचणी मी नापास झालो तेव्हा तूच त्यांना लिहिलंस, हा माणूस शिकेल, थोडं थांबा. या साऱ्याची आठवण मला आत्ताच का येतेय, ते तुला पुढे कळेल.

आपल्या कामाचा दर पहिल्यांदा उतरला तेव्हा आपण चिडलो आणि काम करत राहिलो. दुसऱ्यांदा उतरला तेव्हा चिडलोही नाही. यंत्र आता बरंचसं स्वतःच लिहितं, तुम्ही फक्त तपासा, असं त्यांचं म्हणणं. आणि तपासायला बसलं की यंत्राने घातलेला गोंधळ निस्तरण्यात दुप्पट वेळ जायचा. तिसऱ्यांदा त्यांनी थेट निम्मा केला, तेव्हा या कामातले आपण पाचही जण बाजारात चहाच्या टपरीवर जमलो. भाषण कोणी ठोकलं? मी. आमच्या गावाची रीत मीच सांगितली ना तुम्हाला, की दर ठरल्याशिवाय एकही घर पान तोडत नाही. कंत्राटदाराचा मुनीम येऊन सांगतो की बाजूच्या गावाने सुरुवात केली, तुम्हीच मागे राहिलात. त्यावर गाव चिडत नाही, घाबरतही नाही. गाव आपला माणूस बाजूच्या गावाला पाठवतं. तो डोळ्यांनी पाहून येतो, मग बोलणं. दीपालीने टाळी वाजवली होती. तिचं लग्न तोंडावर, तरी ती म्हणाली, मी पण थांबते. आणि तू म्हणालास, लालसू म्हणेल तसं.

गेल्या आठवड्यात मुनीम खरंच आला. पान आता जून व्हायला लागलंय, त्यामुळे त्यालाही घाई आणि आम्हालाही. गाव जमतं त्या गोटूलसमोर उभा राहून म्हणाला, "पलीकडच्या गावानं तोडाले सुरुवात केली, तुमीच काऊन बसून राह्यले?" आईने त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "बस ना भाऊ. आमी पाहून येतो, मंग सांगतो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, तुझ्याकडे गाडी आहे, तू जा. मी गेलो. त्या गावात पानांचे पुडे बांधायच्या दोऱ्यासुद्धा कोणी अजून वळल्या नव्हत्या. उलट मुनीमाने त्यांना आमच्याच गावाचं नाव सांगितलं होतं. परत येऊन सांगितलं तर कोणी दुसरा शब्द विचारला नाही. म्हातारा मंगरू म्हणाला, लालसू पाहून आला म्हणजे झालं. आई सगळ्यांदेखत माझ्याकडे पाहून हसली. प्रणित, त्या वेळी जमीन दुभंगून मला पोटात घेती तर बरं झालं असतं.

कारण त्याच्या बारा-पंधरा दिवस आधी माझ्याकडेही मुनीम येऊन गेला होता. तो जीपमधून आला नाही, ईमेलमधून आला. फार गोड लिहिलं होतं. तुमच्या गटातले बाकीचे तयार झाले आहेत, तुमच्यासारखा चांगला माणूस आम्हाला गमवायचा नाही, होकार दिलात तर इतरांचं काम तपासायची जबाबदारीही तुमच्याकडे येईल. मोबाइल माझ्या हातात होता. बाजूच्या गावाला जायला मला गाडीही काढायची नव्हती, तुझं नाव दाबलं की झालं. मी दाबलं नाही. तुला वाटेल मी फसलो. मीही दोन दिवस स्वतःला तेच सांगत होतो. पण खरं हे की तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास आणि मग मला हो म्हणता आलं नसतं. मला ते खोटं हवं होतं. म्हणून मी पाहून यायला गेलोच नाही. तिथल्या तिथे होकार लिहिला, आणि वर आभारही मानले. आभार मानल्याची लाज सगळ्यात जास्त वाटते.

आता हे पत्र का लिहितोय ते. तुला पत्र लिही, असं मला एजन्सीनेच सांगितलं आहे. तुझा माझ्यावर विश्वास आहे हे त्यांना माहीत आहे, तेव्हा मी तुला चार आपुलकीच्या ओळी लिहून कळवावं की नवा दर ठीक आहे आणि सगळे आलेत. तुझ्यामागे दीपाली येईल, तिच्यामागे उरलेले दोघं. मजकूरही तयार करून दिलाय त्यांनी, मला फक्त आपल्या भाषेत करायचा होता. माझा होकार मागे घेत असल्याचं मी त्यांना सकाळी कळवलं. ते आता मला ठेवतील असं वाटत नाही. आमच्याकडे दर ठरण्याआधी एखाद्याने फळीवर, कंत्राटदार पान मोजून घेतो तिथे, पान नेलं, तर त्याला कोणी मारत नाही, गावाबाहेर काढत नाही. त्याने स्वतः घरोघर जाऊन, दाराबाहेर उभं राहून सांगायचं असतं की ते मी केलं. बसा म्हटलं तर बसायचं, नाही म्हटलं तर पुढच्या दारी जायचं. विनोदच्या मागच्या गाडीने मी येतोय. तुझं दार पहिलं. सगळे खरंच तयार झाले का, असं तू विचारलंस. नाही रे. कोणीच झालं नव्हतं. मी झालो होतो.

तू म्हणू देशील तर अजूनही तुझाच,
लालसू