शेवटी घेऊ म्हटलेली प्रार्थना

लातूर,
३ फेब्रुवारी २०२५

ती. नागम्मामावशीस, सुदामचा सप्रेम सलाम वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचा कंटाळा, म्हणून हे पत्र. काल आमच्या चर्चमध्ये नेपाळी कामगारांसाठी पहिली एकत्र उपासना झाली. आमची मराठी, उदगीरची कन्नड आणि तुमची देगलूरची तेलुगू, तिन्ही मंडळ्या होत्या. वॉचमन, चायनीजच्या गाड्यांवरचे आचारी, बरेच जण आले. नेपाळी बायबल हैदराबादेहून मागवलं होतं. आम्ही तिघा पाळकांनी उपदेश केले. कोणाचं गाणं आधी यावरून जरा वाजलं, पण ते चालायचंच.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. औसा रोडला चायनीजची गाडी लावणारा लोकबहादूर सगळ्यांच्या आधी आला होता. त्याची मुलगी नेपाळात आजीकडे आहे, तिच्या हृदयाला भोक आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा म्हणाला. अशा विनंत्या आपण उपदेशानंतरच घेतो, म्हणून मी म्हटलं, शेवटी घेऊ. दुसऱ्या उपदेशातच तो उठून गेला, शेगडी पेटवायची वेळ झाली होती. जाताना माझ्याकडं बघितलंही नाही. मी चुकलो का गं?

गुडघे जप, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नको.

तुझा,
सुदाम

देगलूर,
६ फेब्रुवारी २०२५

चि. सुदामास, मावशीचे अ. आ.

चुकलो का म्हणून काय विचारतोस रे? लई चुकलास! आमचे पास्तर परत आल्यापासून आपल्या उपदेशाचं कौतुक सांगून राहिले. मी विचारलं, त्या नेपाळ्यांनी काय मागितलं, तर पुन्हा उपदेशावरच आले. अय्यो, आजारी लेकराच्या बापाला रांगेत बसवता व्हय रे तुम्ही?

आता माईक न्हाई, पेटी न्हाई. एकटा जा, त्याच्या गाडीपाशी उभा राहा अन् चुकलो म्हण. मी हितं तेलुगूत रोज त्या पोरीसाठी मागेन, पण तू तिचं नावच लिहिलं न्हाईस. विचारलंस तरी का?

राग आला तर येऊ दे. भाकर वेळेवर खात जा.

तुझी,
नागम्मा

लातूर,
१० फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस, सलाम वि. वि.

नाव इंद्रमाया. काल गाडीवर गेलो. लोकबहादूर कोबीच चिरत राहिला. मी चुकलो म्हटल्यावर त्यानं कढई उतरवली आणि मुलीला फोन लावून माझ्या हातात दिला. मी नेपाळी बायबल काखेत मारून गेलो होतो. ते उघडून अडखळत वाचायला लागलो, तर पोरगी हसायलाच लागली. अगं, ती लातूरला जन्मलेली! चौथीपर्यंत इथल्याच शाळेत होती. काका, मराठीत बोला की, म्हणाली.

मग विचारलं, बुधवारी ऑपरेशन हाय, मी शाळेत परत येईन न्हाई का? इतके उपदेश केले मावशी मी, आणि तिथं नुसता रडलो. तीच मला समजावत राहिली, रडू नका, प्रार्थना करा म्हणून. केली, जमली तशी. कढईशी उभा राहून लोकबहादूर आमेन म्हणाला.

हे पत्र तुला पोचेल तोवर बुधवार होऊन गेला असेल. जे व्हायचं ते झालेलं असेल. तरी तू बुधवार अजून यायचाच आहे असं समज आणि तिच्यासाठी माग. असं मागितलेलं चालतं का, मला माहीत नाही. पण तू माग, मावशी.

तुझा,
सुदाम