घर फारच भक्कम निघालं

ती. वन्संना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलंय खरं, पण हल्ली एकदा खाली वाकले की उठवायला माणूस लागतं. नमस्कार उभ्यानेच पोचला असं समजावं.) तुमच्या गुडघ्यांना उतार पडला का? नसेल पडला तर तसं स्पष्ट लिहा. “मी बरी आहे” एवढंच लिहून तुम्ही पाकीट चिकटवता आणि उरलेला आजार मी इकडे मनाने रचत बसते. माझी तब्येत ठीक. झोप सोडली तर बाकी सगळं जागेवर आहे.

झोप का गेली ते सांगते. आपल्या घराखालून रेल्वे जाणार आहे. शेजारून नाही, समोरून नाही, खालून. बसगाड्यांत मुंगी शिरायला जागा नाही, माणसं दाराला लटकून कामावर जातात, म्हणून शहराखालून नवी भुयारी रेल्वे न्यायचं ठरलं. इथपर्यंत मीही मान डोलावली. मग नाक्यावर सुधारलेला नकाशा लागला. त्यातली लाल रेघ आपल्या स्वयंपाकघरात शिरते आणि मागच्या मोरीतून बाहेर पडते. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रेघ तिथेच.

आता ती आपल्याकडे वळली कशी, हे वाचून रागावू नका, कारण निम्मा दोष तुमच्या शिकवणीचा आहे. भुयार खणण्याआधी वरच्या घरांच्या भिंती तपासायची पद्धत असते. कुठे भेग आहे, किती रुंद आहे, सगळ्याचे फोटो काढतात. तपासायला गुरुवारी माणसं येणार अशी चिठ्ठी आली. माणसं येणार म्हटल्यावर मी काय करणार? मी या घरात आले तेव्हा तुम्हीच बजावलं होतंत, परक्याला भिंतीचा पोपडा दिसता कामा नये. मी गवंडी बोलावला, असतील नसतील त्या भेगा बुजवल्या आणि वरून रंगाचा हात फिरवला. पलीकडचा शिंपी त्याच दिवशी छिन्नी घेऊन स्वतःच्या भिंतीतल्या भेगा रुंद करत होता. (मला वाटलं, खुंटी ठोकतोय.) नंतर मला म्हणतो, “वहिनी, अशा वेळी घर आजारी दाखवायचं असतं!” हे आधी सांगायला याच्या तोंडात काय टाचण्या होत्या? (होत्याच म्हणा. नेहमीच असतात.)

तपासायला एक तरुण इंजिनियर मुलगी आली. भिंतीवर टकटक करून म्हणाली, “छान ठेवलंय हो घर, मावशी.” हे गेल्यापासून घराला कुणी छान म्हटलं नव्हतं. मी विरघळले. म्हटलं, आमच्या मामंजींचं बांधकाम आहे, वर हत्ती नाचवलात तरी हलायचं नाही. तिने ते लिहून घेतलं. तो सुधारलेला नकाशा लागला तेव्हा शिंप्याच्या घराखालची रेघ सरकून आपल्याखाली आली होती.

मग मी वाचनालयातून भुयारांवरचं एक जाड पुस्तक आणलं. (शाळा लवकर सुटली, वाचनालय सुटलं नाही.) अर्धं कळलं, आणि अर्धं कळण्याइतकं वाईट काही नसतं. त्यात लिहिलंय की खणताना वरची जमीन किंचित बसू शकते. किंचित म्हणजे किती, ते नेमकं फाटलेल्या पानावर. तेव्हापासून मी जमिनीवर पाण्याची वाटी ठेवून पाणी हलतं का बघते. परवा हललं! मी ओरडत बाहेर धावले. गल्लीतल्या बिनतारीबाईंनी (त्यांच्या कानावर गोष्ट घातली की तार करावी लागत नाही) मी पायरी उतरायच्या आत अख्खी गल्ली गोळा केली. सगळे वाटीभोवती उकिडवे बसले. शेवटी कळलं की भिंतीपलीकडे शिंप्याचं मशीन चालू होतं. खणायला अजून वर्ष आहे म्हणे.

रेल्वेवाल्यांनी लोकांचं म्हणणं ऐकायला सभा ठेवली होती, तिथेही गेले. रेल्वे झालीच पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत, आणि आपल्याखालून नको यावरही एकमत. अध्यक्ष म्हणाले, “मग न्यायची कुठून, आकाशातून?” तर सगळ्या गल्लीने माझ्याकडे पाहिलं. मी भाषण पाठ करून गेले होते. उभी राहिले आणि तोंडातून एवढंच निघालं, “किती खोल?” ती इंजिनियर मुलगी म्हणाली, “खूप खोल, मावशी. वर कपसुद्धा हलणार नाही.” मी विचारलं, “कप तुझा की माझा?” लोक हसले. मी हसवायला गेले नव्हते. खाली बसले.

तुम्ही असतात तर अध्यक्षांना पळता भुई थोडी झाली असती. असो. औषध वेळेवर घेत जा.

तुमची आज्ञाधारक (जमेल तेवढी),
भावजय

ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण त्यावर जाऊ नका. घर मामंजींनी तुम्हा भावंडांच्या नावे ठेवलं, तेव्हा रेल्वेला खालून जाऊ द्यायच्या संमतीच्या कागदावर माझ्याबरोबर तुमचीही सही लागते. कागद आत घातलाय. माझी सही झाली आहे. तुम्हीही करा.

आणखी एक. “एवढी घाबरतेस आणि सही करतेस?” असं म्हणाल. तुम्हाला हे सांगायचं राहून गेलं होतं. हे गेले त्या दिवशी छातीत जरा जड वाटतंय म्हणाले, म्हणून आम्ही दोघं दवाखान्यात निघालो होतो. एकामागून एक बसगाड्या भरून आल्या आणि थांबल्याच नाहीत. एक थांबली, तर पाय ठेवायला जेमतेम एकाच माणसापुरती जागा. तुमचा भाऊ मला म्हणाला, “तू चढ, मी मागच्या बसने येतो.” असं कुणाला म्हणावं लागू नये, एवढंच. जाऊ दे गाडी खालून.

आणि शेवटचं. सही पोस्टाने पाठवलीत तरी चालेल. तुम्ही मात्र खणायला लागतील तेव्हा इथे येऊन राहा. गुडघ्यांचं कारण सांगू नका, पायरी एकच आहे. एकटीला भीती वाटते, वन्सं.