मोजायचं राहिलेलं लेकरू

मुंबई, १२ जून १९७२

ती. अव्वा, तुझ्या पाया पडते.

माझं बरं चाललंय. डोळे थोडे दुखतात, पण जेवण वेळेवर असतं. अप्पांचा खोकला गेला का?

आमच्या सरकारी हापिसात शिरगणतीची कार्डं करतात. मी कार्डाला भोकं पाडते आणि कॉम्प्युटर ती मोजतो. ज्याचं कार्ड नाही, ते माणूस त्याच्या लेखी जन्मलंच नाही.

काल तू आठवलीस. दृष्ट लागेल म्हणून तू शिरगणतीच्या मास्तरांना पाचाऐवजी चारच लेकरं सांगितलीस. कोण राहिलं, ते सोमलिंगदादाकडून लिहून कळव की. मी राहिले असेन तर राग नाही. दृष्ट लाडक्यालाच लागते, एवढं मला कळतं.

तुझ्या पाचांतली,
शिवम्मा