चार ड्रॅगन आणि मॅट फिल्म

४ जून, गुरुवार
ठरलं. हिचा तो पत्त्यांचा खेळ शिकायचा. ड्रॅगन, चेटकिणी, राक्षस. दोघांनी आपापला गठ्ठा घेऊन समोरासमोर बसायचं आणि ते एकमेकांवर सोडायचे. ज्याचे वीस प्राण आधी संपतील तो हरला. पोरखेळ. इतकी वर्षं बाइंडिंग-लॅमिनेशनचं दुकान चालवलेल्या माणसाला आठवडा पुरे.

कारण इथेच लिहितो. गेल्या शनिवारी हिला आणायला, हा खेळ चालतो त्या हॉलवर गेलो, तर ही हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. घरी अशी हसलेली आठवेना. मी सगळ्यांसमोर म्हणालो, की या वयात भातुकली शोभत नाही. हसू गेलं.
गंमत केली होती. लोकांना गंमत कळत नाही.

५ जून
हिला म्हणालो, शिकव. हिने कप खाली ठेवून विचारलं, पैज लावलीये का कुणाशी? नाही म्हणालो. मग समजावत बसली.
हिची जोडीदार डेंटिस्टीणबाई गाव सोडून गेली, दुहेरीला कोणी नाही. म्हणाली, वीस तारखेला नवशिक्यांची स्पर्धा आहे, त्यात नीट खेळलात तर आपण दोघं जोडीने उतरू. 'आपण दोघं' म्हणाली. दिवसभर दुकानात तेच ऐकू येत होतं.

९ जून
नियमांचं पुस्तक बारा पानं वाचलं. उरलेलं अंदाजाने कळेल.
हिच्याशी सराव. हरलो. दोष पत्त्यांचा. माझे चारही ड्रॅगन कायम गठ्ठ्याच्या तळाशी.

११ जून
ही म्हणते, पत्त्यांना एकसारखी प्लास्टिकची कव्हरं घाला, म्हणजे कुठलाच पत्ता हाताला वेगळा लागत नाही. लॅमिनेशनवाल्याने विकतची कव्हरं घालायची? दुकानात बिनचमकीची मॅट फिल्म लावली. फक्त चार ड्रॅगनना. बाकीच्यांची तेवढी लायकी नाही. कडा अशा कापल्या, की फिल्म शोधूनही सापडणार नाही. (उगाच लिहिलं. कोण शोधतंय?)

१५ जून, दुपार
दुकानात एकट्याने सराव, समोर रिकामी खुर्ची. पत्ते पिसले की ड्रॅगन वर. हात बसला!

१६ जून
अंगठ्याला जाड पत्ता कळतो, हे खरं. पण आयुष्य कागदात गेलंय, अंगठा काय तोडून टाकू? तरी शनिवारपर्यंत फिल्म सोलून टाकीन.

१९ जून
सोलायला वेळ झाला नाही. दुकानात गर्दी. (एक गिऱ्हाईक. पण चिकट.)

२० जून, शनिवार, संध्याकाळ
ही पंच होती. पहिला डाव जिंकलो तेव्हा लांबून माझ्याकडे बघून हसली. हॉलमधलं हसू. माझ्यासाठी.

पुढच्या डावात समोर निवृत्त शाळाबाई. मी चुकीचा पत्ता टाकला, तर म्हणाल्या, घ्या हो परत, नवीन आहात. घेतला. पुढच्या वेळी पिसताना ड्रॅगनही वर घेतला. जिंकलो.

शेवटच्या डावाआधी पंच गठ्ठे तपासतात. हिने माझ्या गठ्ठ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. चार जागी थांबलं. बाकीच्यांशी बोलते त्याच आवाजात विचारलं, ही फिल्म कोणी लावली? म्हणालो, पाकिटातूनच अशी आली.
ही वाकून हळूच म्हणाली, अहो, तुमचं कटिंग मी ओळखते.
मग मोठ्याने सांगितलं, की खेळाडू बाद. आणि शाळाबाईंची माफी मागितली. मी नाही. हिने.

२१ जून
नियमांच्या पुस्तकात पान चौदा: ओळखू येतील असे पत्ते चालणार नाहीत. तिथवर पोचलो असतो तर
खोडलं. माहीत होतं. त्याला पुस्तक लागत नव्हतं.
हिला सॉरी म्हणालो. म्हणाली, जेवून घ्या.

२६ जून
ही दुहेरीला शाळाबाईंबरोबर उतरणार. मी विचारलं नव्हतं, हिनेच भाजी चिरता चिरता सांगितलं. चांगली जोडी आहे म्हणालो. आहेच.

२७ जून, शनिवार
सकाळी ही दुकानात आली. हॉलच्या भिंतीवर सूचना लावायची आहे, लॅमिनेट करून हवी. कागदावर लिहिलेलं: 'पत्त्यांवर फिल्म लावू नये.' वर बघितलं. ही म्हणाली, हॉलवाल्यांना दुसरं दुकान माहीत नाही हो.

लावून दिली. एक बुडबुडा नाही. कोपरे गोल केले. हिने कडेवरून बोट फिरवलं, छान झालंय म्हणाली आणि पर्समध्ये ठेवली.

दुपारी हिच्याआधीच तयार होऊन बसलो. नुसता बघायला येऊ का, असं विचारणार होतो. इस्त्रीचा शर्टही घातला होता. चपला घालताना हिने तो पाहिला. दार ओढून घेताना म्हणाली, येते.

शर्ट काढून परत हँगरला लावला.