लाल पाटीपलीकडचं पान

प्रिय ठमाबाई,

परवा फोनवर तू रागावलीस आणि मी नुसता "बरं, बरं" करत राहिलो. तुला वाटलं, बाबा टाळतोय. टाळतच होतो. पण रविवारी येऊन तू मी रोज उघडतो ते पान, कुठलं का असेना, कायमचं बंद करणार म्हणालीस, तेव्हापासून चैन नाही. तोंडाने सांगायला मला जमत नाही, म्हणून लिहितो आहे.

कॉम्प्युटरवर तू बसवून दिलेला राखणदार चोख काम करतो. मध्यंतरी वीजबिलाच्या नावाने कोणीतरी खोटी लिंक पाठवली होती. पान उघडायच्या आत पडदाभर लाल पाटी आली, की ही साईट धोक्याची आहे, मागे फिरा. मी मुकाट्याने फिरलो. तुझी आई त्या राखणदाराला आत्याबाई म्हणायची. "उठसूट नाक खुपसतात, पण मनाने चांगल्या आहेत हो," असं म्हणून ती मलाही मागे फिरायला लावायची. तेव्हा आत्याबाईंबद्दल माझी तक्रार नाही.

पण रोज एक पाटी ओलांडून मी पुढे जातो, हे खरं आहे. तसं केलं की तुझ्या फोनवर निरोप येतो. कुठलं पान, ते त्यात नसतं, म्हणून तू नाही नाही ते मनात आणलंस. जावईबापूंनी तर चाचरत विचारलं, "बाबा, कोणी बाई काही मागत नाही ना तुमच्याकडे?" बिचारे माझ्यापेक्षा जास्त लाजले होते.

ते पान तुझ्या आईचं आहे. तिच्या शिवणवर्गातल्या मुलींनी हौसेने करून दिलेली रफूची साईट. तुला वाटत असेल, ती केव्हाच बंद पडली. आई गेल्यावर साईटकडे बघणारं कोणी उरलं नाही आणि कोणीतरी आत घुसून जुगाराच्या जाहिराती चिकटवल्या. म्हणजे आत्याबाई खोटं बोलत नाहीत. मी माशा हाकलाव्यात तशा त्या जाहिराती एकेक बंद करतो. कुठे नाव भरत नाही, कशालाही हो म्हणत नाही.

अगदी खाली माझ्या राखाडी कोटाचा व्हिडिओ आहे. कोपराला भोक पडलं होतं तो. त्यात आईचे नुसते हात दिसतात. कोटाच्याच आतल्या शिवणीतून काढलेला धागा ती सुईत ओवते आणि एक वरून, एक खालून असं विणत जाते. "घाई केलीत तर चुण्या पडतील, मग माझ्या नावाने ओरडू नका," असं शिकणाऱ्यांना बजावते. तो कोट मी अजून घालतो. भोक कुठे होतं, ते मलाही सापडत नाही.

मग ती मध्येच थांबते आणि म्हणते, "अहो, दिवा जरा अलीकडे धरा ना. अलीकडे म्हणजे माझ्याकडे, भिंतीकडे नव्हे!" टेबलावरचा दिवा पुढे सरकतो, त्याच्याबरोबर माझा अंगठाही दिसतो. पुढे ती शिकवायला लागते. मी तेवढंच ऐकतो आणि पान बंद करतो.

तर जावईबापूंना सांग, बाई आहे आणि ती मागतेही, पण दिवा मागते. मला "अहो" म्हणणारं आता दुसरं कोणी नाही. तिचा फोन मावशीला देताना आतलं सगळं पुसलं गेलं, म्हणजे हा व्हिडिओ आता तिथेच काय तो उरला आहे. मी उतरवून घ्यायला गेलो, तर दर वेळी जुगाराचंच पान उघडलं. तुला ते येतं. रविवारी आलीस की आधी तुझ्या आईला तिथून बाहेर काढ. मग खुशाल दार लाव, मी आत्याबाईंच्या शब्दाबाहेर जाणार नाही.

तुझाच, फोनवर न बोलणारा,
बाबा