बिनसुईचं यंत्र

जयनगर, बंगळूर

चि. देवाप्पास अक्काचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे, काळजी नको. आमच्या अवधूतने त्याच्या कंपनीतलं साखर मोजायचं नवं यंत्र आणलंय. बोट आत घातलं की लाल उजेड पडतो. सुई नको, रक्त नको. रोज एकशेदहाच! म्हणून मी टोचून तपासणं सोडलं.

काल पुरणपोळी खाऊनही एकशेदहा. शेजारच्या महानंदेनं गंमत म्हणून बोट घातलं, तिचीही तेवढीच. हसता हसता ती ओरडली, "अय्यो अक्का, पाय बघा!" फरशीवर रक्ताचे ठसे होते. बाजारातून येताना एक चप्पल निसटली, पाय कापला, तरी बधिर पायाला पत्ताच नव्हता.

लेकराच्या आनंदावर विरजण नको, म्हणून अवधूतला अजून बोलले नाही. तुझ्या टाचेची जखम भरली का? यंत्र पाठवते म्हणाले होते, ते विसर. सुई सोडू नकोस रे.

तुझीच,
अक्का